लाटण्याच्या पोटाला लाख नसते

आमच्या घरात माणसं कमी बोलायची आणि लाकूड कातायचा चरक जास्त बोलायचा. सकाळी चूल पेटली की तिच्या मागोमाग तो सुरू व्हायचा, खर्रर्र पुढं, खर्रर्र मागं, ते दिवे लागेपर्यंत. मधेच थांबला तर शेजारीपाजारी दारात येऊन विचारायचे, काय झालं, कोण गेलं का म्हणून. खडेबाजाराच्या मागच्या बोळात आमचं दुकान. दुकान म्हणजे पुढची खोली, घर म्हणजे मागची. आम्ही जातीचे नव्हे, धंद्यानं कातारी. पाळण्याचे दांडे, पलंगाचे खूर, लाटणी, भोवरे, तान्ह्या पोरांचे खुळखुळे, जे लाकूड गोल होतं ते आप्पा गोल करायचे. मी चौथीपर्यंत गेलो. मग मी शाळा सोडली का शाळेनं मला सोडलं ह्यावर आईचं आणि मास्तरांचं एकमत झालं नाही, पण वाईट कुणालाच वाटलं नाही. तेव्हा ह्या लिहिण्यात चुका निघतील. निघू द्यात. लाकडातल्या चुका मला दिसतात, कागदावरच्या दिसत नाहीत.

आता पोरांच्या कारखान्यात विजेचा चरक आहे, बटण दाबलं की घुमतो आणि एकटा माणूस काम करतो. तेव्हा चरक दोघांचा असायचा. लाकडाला दोरीचे वेढे घालायचे, दोरीची दोन टोकं ओढणाऱ्याच्या दोन हातांत. उजवा हात ओढला की लाकूड इकडं फिरतं, डावा ओढला की उलटं. कातणाऱ्यानं पटाशी एकाच फेऱ्याला लाकडाला लावायची, उलट्या फेऱ्याला मागं घ्यायची. दोघांचा श्वास एक नसला तर लाकूड फाटतं. आईनं आयुष्यभर आप्पांची दोरी ओढली. तिचा खांदा गेला तेव्हा माझं लग्न झालं, आणि दोरी माझ्या बायकोच्या हातात आली. तुळसा तिचं नाव. ती मागल्या दिवाळीनंतर गेली. लोक म्हणतात देवाघरी गेली. मी नुसतं गेली म्हणतो. देवाचं घर मी बघितलेलं नाही आणि तिनंही जाताना तसं काही सांगितलं नाही.

तुळसा सदलग्याची. बाप लहानपणी गेला म्हणून आई तिला घेऊन निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला लागली. पानं झोडायची, चाळायची, पोत्यात भरायची. तोंडाला फडकं बांधायचं आणि संध्याकाळी ते फडकं झाडलं की पुन्हा शिंका. तिची आई तिथंच खोकून खोकून संपली. तुळसा लग्न होऊन आमच्याकडं आली तेव्हा तिच्या लुगड्यालासुद्धा तंबाखूचा वास होता. माझ्या आईनं ते दोनदा उकळत्या पाण्यात घातलं. पण दोरी तिनं अशी धरली, की आप्पा पहिल्याच दिवशी पटाशी थांबवून बघत राहिले. तिच्या हाताला लाकूड कळायचं. आत गाठ असली, कुठं पोकळ असलं, मधोमध बसलेलं नसलं, तर डोळ्याला दिसायच्या आधी दोरीतनं तिच्या तळव्याला कळायचं. मग ती हात थांबवायची. बोलायची नाही. नुसती थांबायची.

बोलायची कशी? आमच्यात सून सासऱ्यापुढं तोंड उघडत नसे आणि सासरा सुनेला हाक मारत नसे. दोघं दोन हातांच्या अंतरावर समोरासमोर बसून दिवसभर एकच लाकूड फिरवायची, आणि एकमेकांशी एक शब्द नाही. आप्पांना दोरी सावकाश हवी असली की ते आतल्या खोलीकडं तोंड करून ओरडायचे, "अगं, तिला सांग, हळू!" आई चुलीपासनं ओरडायची, "तुळसे, हळू गं!" तुळसा हळू करायची. मग आप्पा, "अगं, सांग तिला, लई हळू झालं!" आणि आई, "तुमी आधी एकदाच काय ते ठरवा, माझी भाकरी करपाय लागली!" एखाद्या खुराचं काम ह्या ओरडाआरडीत संपायचं. माझ्या नाती हे ऐकून हसतात. हसायला काही नाही असं मी त्यांना म्हणतो, आणि मग मलाही हसू येतं.

आता लाखेचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. लाकूड कातून गुळगुळीत झालं की फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरायची. घासून लाकूड तापतं, लाख वितळून लाकडावर चढते, मग केवड्याच्या पानानं ती घोटायची. लाल, पिवळी, हिरवी. त्या गरम लाखेचा वास अजून कुठं आला तर माझी पावलं थांबतात. आप्पांचा एक नियम होता, त्यांच्या बापाकडनं आलेला. लाख चढल्याबिगर लाकूड दुकानाचा उंबरा ओलांडायचं नाही. ते म्हणायचे, "नागडं लेकरू कोन रस्त्यावर सोडतं का? तसं लाकूड. पाणी पितंय, फुगतंय, तडकतंय, आणि नाव आपलं जातंय." गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी उद्या ये म्हणून परत पाठवायचे.

लढाईचे दिवस होते. लाकूड मिळेना, मिळालं तर गिऱ्हाईक मिळेना. निपाणीहून मामा आला. तो वखारीत मुकादम होता. मिठाईची, कुंद्याची पुडी पुढं ठेवून आप्पांना म्हणाला, "भावजी, पोराला आन सुनंला माझ्याकडं लावून द्या. दोघांच्या हाताला काम हाय. सून तर वखारीतलीच हाय, तिला शिकवाय नको." आप्पांनी कुंदा तोडून तोंडात घातला. कुंदा संपल्यावर म्हणाले, "शिमग्यापर्यंत बघतो. न्हाई जमलं तर लावून देतो." मी तुळसाकडं बघितलं. ती हुलग्याचं माडगं ढवळत होती, तो हात थांबला होता. नळावर पाणी भरताना तिनं मला गाठलं. "तुमी जायाचं तर जावा. मी त्या वखारीत पाय ठेवनार न्हाई. ठेवला तर आईगत तिथनंच उचलून न्यावं लागंल." मी म्हटलं, आप्पांनी सांगितल्यावर काय करणार? ती म्हणाली, "ते मला म्हाईत न्हाई. तुमी पुरुष हाय, बघा काय तरी." कळशी भरली होती, पाणी वर वाहत होतं, आणि ती उचलायचं तिला सुचत नव्हतं.

त्याच सुमाराला पेद्रू मास्तर आमच्या दुकानात आला. गोव्याचा माणूस, काळा कोट, गुडघे गेलेले, चालताना बदकासारखा. गोऱ्या पलटणीच्या कॅम्पात सोल्जरांच्या करमणुकीचा एक हॉल होता, फळ्यांच्या जमिनीचा. तिथं पायाला चाकाचे बूट बांधून गोल गोल पळायचं आणि पळवायचं हे मास्तरचं काम. कोटाच्या खिशातनं त्यानं एक लाकडी चाक काढून आप्पांपुढं ठेवलं. एका अंगानं झिजून ते कुत्र्यानं चावलेल्या बोरासारखं झालं होतं. "शेट, विलायतेसून चाकां येयनात. बोटी बुडतात. हें गोल करून दी." आप्पांनी चाक फिरवून बघितलं. "हे कशाचं? खेळण्याचं?" "सोल्जराच्या पायाचं." आई आतनं म्हणाली, "देवानं पाय दिल्यात ते कमी पडाय लागलं व्हय गोऱ्यास्नी?" पण आप्पांनी काम घेतलं. परक्याचं लाकूड, परक्यानं केलेलं, आपण फक्त सोलून गोल करायचं. त्याला लाखेचा नियम लागत नव्हता.

चाकं नेऊन द्यायचं आणि बुटाला बसवायचं काम माझ्याकडं आलं. हॉलमध्ये पहिल्यांदा गेलो तेव्हा आवाजानंच मी दारात थांबलो. बोळातली सगळी जाती एकदम फिरावीत तसा आवाज. उंच गोरे सोल्जर पुढं वाकून, हात पाठीवर बांधून, सरर्र सरर्र जात होते आणि कोपऱ्यावर एक पाय दुसऱ्यावरनं टाकून वळत होते. मी मास्तरकडनं बुटाची निगा शिकलो. वळणं सगळी डावीकडची, म्हणून चाकं एकाच अंगानं झिजतात. दर आठवड्याला डाव्या पायाची उजव्याला आणि उजव्याची डाव्याला घालायची. आतल्या पोलादी गोळ्या रॉकेलात धुवायच्या, कापसाचा धागा राहू द्यायचा नाही, वर तेलाचा एकच थेंब. मी पहिल्यांदा बैलगाडीच्या आसाला लावतात तसं वंगण थापलं. मास्तरनं चाक नाकाशी धरलं आणि म्हणाला, "यल्लू, गाडी बरी जाली. बैल खंय बांधलास?"

एका सकाळी हॉल रिकामा होता. मास्तर म्हणाला, "चाक तू बसवलंस न्हय? मग घाल पायांत. रांधप्यान आधी आपण चाखपाचें." म्हणजे रांधणाऱ्यानं आधी स्वतः चाखून बघावं. मी घातले आणि उभा राहायच्या आधी बसलो, ढुंगणावर. मास्तर हसला नाही. खुर्ची ओढून बसला आणि तिथनंच शिकवायला लागला. पुढचे कित्येक दिवस त्याचा एकच घोष. "बस. आनीक बस. फाटीं खुर्ची आसा समज." फाटीं म्हणजे मागं. मी म्हणायचो, "मास्तर, खुर्ची न्हाई." "म्हणूनच सांगतां." पाय मागं ढकलायचा नाही, बाजूला ढकलायचा, बोळात आडव्या बसलेल्या म्हशीला सरकवतात तसा. डोकं वर नाही, नजर पुढच्या वळणावर. वळणावर कोण घाबरून उभा राहिला तो गेला. जो आणखी खाली बसला तो राहिला. हे मी पुढं किती पोरांना शिकवलं त्याची गणती नाही, आणि मला स्वतःला ते सगळ्यात जास्त गेल्या वर्षी उपयोगी पडलं. घर रिकामं झालं तेव्हा मी उभा राहायला बघत होतो, शहाण्यासारखा, ताठ. ते चूक होतं. खाली बसायचं असतं.

पायावर पाय टाकायचा सराव मी बोळात करायचो, बूट नसताना, भिंतीला धरून. शेजारची गंगाक्का ओट्यावरनं विचारायची, "काय रं यल्ल्या, बायकोचं लुगडं नेसलायस व्हय? पाय अडकाय लागल्यात." तुळसा दारात धान्य निवडत असायची. मान वर न करता म्हणायची, "डावा गुडगा वाकंना झालाय." तिनं हॉल बघितला नव्हता, बूट बघितले नव्हते, पण गोल फिरणाऱ्या गोष्टीत कुठं अडतंय हे तिला कळायचं.

नाताळात हॉलमध्ये शर्यत असायची. मास्तरनं हॉलच्या साहेबाला विचारलं होतं, माझे गुडघे गेले, हाताखाली ह्या पोराला ठेवू का, शिकवायलाही आणि बुटांची निगा करायलाही. साहेब म्हणाला म्हणे, काळा सुतार माझ्या सोल्जरांना काय शिकवणार? शर्यतीत उतरव. पहिल्या दोघांत आला तर ठेव. मास्तरनं हे मला सांगितलं आणि मी तुळसाला सांगितलं. पगार सुरू झाला की निपाणी टळणार होती. रात्रीच्या भाकरीबरोबर तिनं मला ठेचा वाढला, त्यावर तेलाची धार नेहमीपेक्षा लांब होती.

अडचण चाकांची होती. विलायती चाकं सोलून सोलून एवढीशी झाली होती, बरी राहिलेली सगळी सोल्जरांना गेली. मला नवी पाहिजे होती. आप्पांनी बाभळीचा गाभा काढला, वाळलेला, लोखंडासारखा, आणि आठ चाकं कातली. मी जन्मात तशी चाकं बघितली नाहीत. आणि मग लाख चढवली. धावेला, म्हणजे जमिनीला टेकतो त्या घेराला लाल, कडेला पिवळी, मधे हिरवी रेघ. केवड्याच्या पानानं अशी घोटली की तोंड दिसावं. बसवताना माझ्या मनात आलं, की जरा जास्तच चकचकतात. पण आप्पांचं काम, त्यात मी काय बोलणार? हॉलमध्ये मास्तर म्हणाला, "हें चाक की पाळणो?" मी सुटलो. सरळ रेषेत पाण्यावरनं गेल्यागत गेलो, मला पंख फुटले असं वाटलं. पहिल्या वळणावर खाली बसलो, पाय बाजूला ढकलला, आणि पायाखाली काहीच नव्हतं. दोन्ही पाय एकदम निघून गेले. मी हनुवटीवर पडलो तो खुर्च्यांच्या रांगेत जाऊन थांबलो. ती खूण अजून आहे, दाढी करणारा अजून तिथं वस्तरा उचलतो. मास्तरनं रक्त पुसलं, मग अंगठ्यानं चाक चोळून बघितलं. "यल्लू, हो आरसो. आरशार कोण धांवता? फळी चाकाक धरूंक जाय. लाख काढ." म्हणजे फळीनं चाकाला धरलं पाहिजे.

मी हनुवटीला फडकं बांधून घरी आलो आणि आप्पांना सांगितलं. ते पाळण्याचा दांडा बघत होते. मान वर केली नाही. "माझ्या चरकावरनं नागडं लाकूड भाईर जात न्हाई."

"आप्पा, ती सरकत्यात. मी पडलो."

"पडलास ते तुझं पाय. मास्तरला सांग, जमीन खडबडीत कर म्हनावं."

"मला त्यावर शर्यत पळायची हाय आप्पा. न्हाई तर मामाकडं..."

"तर जा मामाकडं! माझ्या बापानं उपाशी राहून हे सोडलं न्हाई. तुझ्या चार उड्यासाठी मी सोडू?"

लाख मी पॉलिशकागदानं घासून काढली असती, हे मलाही सुचलं होतं. पण हातानं घासलं की चाक गोल राहत नाही, पुन्हा चरकावर चढवावंच लागतं. आणि आप्पांच्या माघारी चरकाला हात लावायचा नाही, त्यांच्या आधी पटाशी उचलायची नाही, ही आमच्या घरातली रीत. ती मोडली असती तर शर्यत जिंकून मी परत कुठल्या घरी आलो असतो? मी चाकं चरकाशी ठेवली. तुळसा दोरी धरून समोरच बसली होती. सगळं ऐकत होती. तिचे डोळे चाकांवर होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पा जेवायला बसले. ज्वारीची भाकरी, अंबाड्याची भाजी, कच्चा कांदा. आईनं ताट ठेवलं. तेवढ्यात तुळसा आतनं आली, पदर डोक्यावरनं पुढं ओढलेला. आप्पांच्या ताटाच्या उजवीकडं तिनं लाटणं ठेवलं. लाटण्याला लागून त्या आठातलं एक लाल चाक ठेवलं. आणि दाराआड जाऊन उभी राहिली.

"आज पोळी हाय व्हय?" आप्पा म्हणाले.

आई गोंधळली. "कशाची पोळी? सण न्हाई, वार न्हाई. तुळसे, लाटणं कशाला आणलंस गं?"

दाराआडनं नुसत्या बांगड्या वाजल्या. आप्पांनी लाटणं उचललं. ते त्यांनीच केलेलं, आईला लग्नानंतर पहिल्या वर्षी. दोन्ही मुठींना लाल लाख, वर पिवळ्या रेघा. आणि मधलं पोट, जे पिठावर फिरतं, ते उघडं. नुसतं लाकूड. लाटण्याच्या पोटाला लाख लावत नाहीत. पीठ धरत नाही, पोळी सरकते, लाख पोटात जाते, हे कातारीच्या पोराला चालायला लागायच्या आधी माहीत असतं. आप्पांनी जन्मात हजारो लाटणी त्या उंबऱ्यावरनं बाहेर पाठवली होती, आणि त्यातलं एकही पुरतं झाकलेलं नव्हतं. त्यांनी पोटावरनं अंगठा फिरवला. मग चाकाच्या धावेवरनं फिरवला. मग पुन्हा लाटण्यावरनं. भाकरी गार झाली. आई माझ्याकडं बघत होती, मी भिंतीकडं. मला वाटलं, आता लाटणं माझ्या डोक्यात बसतंय.

आप्पांनी लाटणं हळूच खाली ठेवलं. "अगं," ते आईला म्हणाले, "तिला सांग, कडंला लाख राहील. धाव उघडी करतो."

आई म्हणाली, "ती काय निपाणीला न्हाई उभारली, दाराआड हाय. ऐकलं तिनं." मग तिलाच बरं वाटलं असावं, कारण तिनं आप्पांना न मागता आणखी एक भाकरी वाढली.

त्याच दुपारी चाकं पुन्हा चरकावर चढली. दोन्ही कडांची लाख तशीच, धाव मात्र उघडी. सगळी नीट झाली, पण शेवटच्या चाकाला तुळसाचे हात थांबले. आप्पांनी पटाशी मागं घेतली, चाक डोळ्याशी धरलं, उजेडात फिरवलं. काही दिसेना. "अगं, तिला सांग, काय न्हाई त्यात. वड म्हनावं." आई ओरडली, "तुळसे, वड गं." तिनं ओढलं. पण माझ्याकडं एकदा बघितलं. ते चाक मी उजव्या बुटाला मागं बसवलं, दुसरं नव्हतंच.

शर्यतीच्या दिवशी हॉल पताकांनी भरला होता, मडमा, पोरं, बँड. आमच्यासारखी माणसं बाहेर खिडक्यांना लटकलेली. आम्ही सहा जण, त्यात पाच गोरे. एक लाल केसांचा, खांदे बैलासारखे, तो सगळ्यांचा लाडका. मास्तर कानाशी म्हणाला, "जिकूंक वचूं नाका. बसून रांव. वळणार तुका कोण काडचो ना." म्हणजे जिंकायच्या मागं लागू नको, वळणावर तुला कोणी मागं टाकणार नाही. आणि तसंच झालं. सरळ रेषेत ते मला मागं टाकायचे, त्यांचे पाय लांब. पण त्यांची चाकं झिजलेली, वळणावर बाहेर फेकली जायची. माझ्या चाकांना फळी धरत होती. पहिल्यांदा पडलो होतो त्या कोपऱ्यावर मी जास्तच खाली बसलो, पाय ढकलला, आणि पाय राहिला. त्या क्षणाला मला लाटण्याखाली पीठ कसं चिकटून फिरतं ते आठवलं, खरंच सांगतो. एकेकाला आतनं काढत मी लाल केसांच्या मागं दुसरा आलो.

आणि मग ऐकलं. टक. टक. टक. उजव्या पायाचं मागचं चाक. गाठ तडकत होती. प्रत्येक फेऱ्याला आवाज मोठा होत गेला, पाय थरथरायला लागला. उजवा पाय जोरात ढकलला असता तर चाक फुटलं असतं. हळू झालो असतो तर मागचा पुढं गेला असता, आणि तिसऱ्याला निपाणी होती. मी उजव्याचं वजन पुढच्या चाकांवर घेतलं, टाच उचलल्यासारखी, आणि सगळा जोर डाव्यावर. मांडीत विस्तव पेटला. मागच्याचा श्वास माझ्या मानेला लागत होता. डोळ्यांपुढं तुळसाचे थांबलेले हात होते, बाकी काही नव्हतं. शेवटच्या वळणावर तो बाहेरनं आला, मी आणखी बसलो, जवळजवळ जमिनीला टेकलो, आणि रेघेवर त्याच्या आधी माझं नाक होतं. लाल केसांचा पहिला, मी दुसरा. मास्तरनं मला धरलं तेव्हा त्याच्या गुडघ्यांचं त्याला भान नव्हतं, दोघं मिळून पडलो. साहेबानं लांबनं मान हलवली. तेवढंच. तेवढं पुरे होतं.

धावत घरी आलो. आईनं मीठ-मोहरी ओवाळली. तुळसानं माझ्याकडं बघितलंच नाही, माझ्या हातातला बूट घेतला, मागच्या चाकावरनं बोट फिरवलं. तडा बोटाला लागला. "ह्येच," एवढंच म्हणाली, आणि बूट छातीशी धरून तिथंच खाली बसली, आणि रडली. वखारीतनं सुटका झाल्याचं रडणं ते होतं, की चाक फुटलं असतं तर ह्याचं, मी कधी विचारलं नाही. आता विचारायला पाहिजे होतं असं वाटतं.

आप्पा दिसेनात. थोड्या वेळानं बाहेरनं आले, डोक्याला रुमाल, कपाळाला घाम. आई म्हणाली, "कुटं गेलतासा?" "आसंच." पण त्यांच्या सदऱ्याच्या पुढच्या बाजूला खिडकीच्या गजांचा गंज लागला होता. ते सरळ आत आले आणि तुळसापुढं उभे राहिले. ती गडबडून उठली, पदर ओढला, भिंतीकडं वळायला लागली.

"बाळ," आप्पा म्हणाले. "मी भाईरनं ऐकलं. उजव्या पायाचं मागचं चाक वाजत हुतं. तू थांबलीस ते बरोबर हुतं." मग घसा खाकरला. "हितनं पुढं थांबलीस की तोंडानं सांग, का थांबलीस ते. आता चल, दोरी धर. त्या चाकाच्या जागी दुसरं करूया."

आईच्या हातातली मीठ-मोहरी तशीच राहिली. तुळसा दोरीला बसली. पहिला फेरा फिरला आणि ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मामंजी, पटाशी जरा खाली घ्या." आप्पांनी घेतली. त्यानंतर आईची भाकरी कधी करपली नाही.

मी हॉलमध्ये शिकवायला लागलो, गोरे जाईपर्यंत. मग हॉल गेला, मास्तर गोव्याला गेला, मी चरकावर आलो आणि तुळसानं माझी दोरी ओढली, विजेचा चरक येईपर्यंत. निपाणीला आम्ही गेलो ते फक्त लग्नाकार्याला.

ते लाटणं आईच्या मागं तुळसाकडं आलं. इतकी वर्षं तिनं ते फिरवलं की मुठींची लाखसुद्धा गेली, लाल नाही, पिवळी रेघ नाही, जिथं तिचे हात बसायचे तिथं लाकूड खोलगट झालंय. मागच्या महिन्यात सूनबाई स्वयंपाकघर आवरत होती. चांगली पोर आहे, माझ्याशी तोंड भरून बोलते, भांडते सुद्धा. जुनी भांडी मोडीत काढली, त्यात लाटणं होतं. म्हणाली, "बाबा, हे आता देऊन टाकू? पार उघडं पडलंय, कडेला फाटाय लागलंय."

मी तिच्या हातातनं ते घेतलं. म्हटलं, आमच्या घरातनं नागडं लाकूड बाहेर जात नाही.

तिला काही कळलं नाही. लाटणं माझ्या उशाशी आहे. पुन्हा लाख मी चढवणार नाही.